तेल उसने मिळत नाही

इंदूरच्या एका वाचक भगिनींचे पत्र समोर आहे. चार पानी, सुवाच्य अक्षरातले, कोठेही खाडाखोड नसलेले. गेल्या दीड वर्षात त्यांच्या घरावर एकामागून एक संकटे आली. यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला, मुलाची नोकरी गेली आणि घराचे छप्पर दुरुस्तीला आलेले तसेच राहिले. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, "आपण ख्रिस्ती आहात हे आपल्या लेखांवरून माहीत आहे. आमच्याकडे संकट आले की नवस होतात, पारायणे होतात. आपल्याकडे काय करतात? आणि संकट येण्याच्या आधी मनाची काही तयारी करता येते काय?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. आमच्याकडेही बहुतेक तेच करतात. पाळकसाहेबांना घरी बोलावतात, प्रार्थना करवून घेतात, उपास धरतात आणि देवाशी थोडीफार घासाघीसही करतात. माणूस घाबरला की सर्वत्र सारखाच वागतो. दुसरा प्रश्न मात्र मला बरेच दिवस छळत राहिला. बाईंना मी आधी चार ओळींचे उत्तर धाडले होते. ते पोष्टात टाकून परत येतानाच माझ्या लक्षात आले की ते उत्तर पोकळ आहे. म्हणून या महिन्याचे सदर त्या प्रश्नासाठीच ठेवतो.

प्रारंभीच एक गोष्ट बाजूला सारून ठेवतो. आमच्या समाजात 'तयारी' हा शब्द उच्चारला की काही लोकांना एकदम जगाचा अंत आठवतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यात महापूर आला, तेव्हा कोणीतरी माझ्या हातात एक पत्रक ठेवले. शेवटचा काळ जवळ आला असून अमुक भविष्य पुरे होत आहे, असे त्यात छापले होते. पुढील वर्षी महामारी आली आणि तोच मजकूर नव्या तारखा घालून मोबाईलवर फिरू लागला. तो दिवस व ती घटका कोणालाच ठाऊक नाही, असे ज्याने स्वतः सांगितले त्याच्याच नावाने पंचांग मांडून बसणाऱ्यांचे मला नवल वाटते. ज्या माणसांच्या घरांत चिखल शिरला होता त्यांना त्या दिवशी पत्रक नको होते, फावडे हवे होते. भीतीला सोवळे नेसवले म्हणून ती भक्ती होत नाही.

तयारीविषयी येशूने सांगितलेला एक दृष्टांत मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. ख्रिस्तेतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. लग्नघरच्या दहा मुली, आपण त्यांना करवल्या म्हणू, हाती दिवे घेऊन वराच्या वाटेकडे डोळे लावून बसल्या होत्या. पाच जणींनी दिव्यांबरोबर वेगळ्या भांड्यात तेल घेतले होते, पाच जणींनी घेतले नव्हते. वराला उशीर झाला. सगळ्यांनाच डुलकी लागली. मध्यरात्री हाकाटी झाली तेव्हा बिनतेलाच्या पाच जणी शहाण्यांपाशी तेल मागू लागल्या. शहाण्यांनी दिले नाही. त्या बाजारात तेल आणावयास गेल्या, इतक्यात वर आला आणि दार लागले.

लहानपणी ही गोष्ट ऐकली की मला त्या शहाण्या मुलींचा राग येई. आमच्या घरी शेजारणीला वाटीभर तेल देणे ही रोजची गोष्ट होती. इतक्या कंजूष मुलींना देवाने शाबासकी का द्यावी? मी आईला विचारले. आई भाकरी थापीत होती. ती म्हणाली, "तुला येणारा सतराचा पाढा परीक्षेत शेजारच्या मुलाला देता येतो का?" मी म्हणालो, "हळूच सांगता येतो." त्यावर पिठाचा हात पाठीवर बसला आणि धर्मशास्त्राचा तो तास संपला.

आईचे उत्तर किती खरे होते ते कळावयास २०२१ चा मे महिना उजाडावा लागला.

सौ.ला श्वास घेता येईना म्हणून रुग्णालयात नेले. आत कोणालाही सोडत नव्हते. बाहेर एका चिंचेच्या झाडाखाली आम्ही दहा-बारा नातेवाईक बसून असू. दिवसातून एकदा एक परिचारिका येऊन आकडे सांगे. पहिल्या दिवशीचा आकडा चौऱ्याऐंशी होता. तो प्राणवायूचा आकडा असतो आणि तो नव्वदीच्या वर हवा, एवढे ज्ञान तोवर सगळ्या देशाला झाले होते. मला देवाची प्रार्थना करावयाची होती. मी मराठीचा एम. ए.; तीस वर्षे मुलांना निबंध लिहावयास शिकवलेला; देवळात प्रसंगी उपदेशही केलेला माणूस. परंतु एक वाक्य जुळेना. 'हे प्रभो' म्हणावे आणि पुढे सगळे कोरे. मित्रांचे फोन येत होते, आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतो आहोत असे ते सांगत होते. त्यांचे प्रेम मी विसरणार नाही. पण त्यांचे तेल माझ्या दिव्यात ओतता येत नव्हते.

संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमारास, घरी रोज दिवा लावून प्रार्थनेला बसण्याची ती वेळ, ओठ आपोआप हलू लागले. मेंढपाळाचे तेविसावे स्तोत्र, मग डोंगरांकडे डोळे लावणाऱ्या यात्रेकरूचे एकशे एकविसावे, मग प्रभूची प्रार्थना. आईने आम्हा भावंडांकडून ती घोकून घेतली होती. पन्नास वर्षे मी ती म्हणत आलो. आणि प्रामाणिकपणे सांगतो, त्यांतील निम्म्याहून अधिक वेळा माझे मन हजेरीपटात किंवा वेतनपत्रकात असे. शाळेत मी सतत घोकंपट्टीच्या विरुद्ध बोलत असतो. अर्थ न कळता पाठ केलेले व्यर्थ आहे, असे नव्या शिक्षकांना बजावीत असतो. त्या झाडाखाली माझी शिक्षणविषयक मते जराशी डळमळली. अर्थ न कळता जे साठवले होते त्याचा अर्थ त्या दिवशी एकदम समोर येऊन उभा राहिला. तेथे नवे काही रचण्याची मला ताकद नव्हती, आणि गरजही पडली नाही.

शेजारी खानापूर तालुक्यातला एक तरुण बसला होता. त्याची आई आत होती. "काय पुटपुटता, सर?" त्याने विचारले. मी सांगितले. तो म्हणाला, "माझी आई रोज हरिपाठ म्हणते. मला दोनच अभंग येतात." मी म्हणालो, "मग दोन म्हणा." त्याने म्हटले.

तिसऱ्या दिवशी त्याची आई गेली. हरिपाठ म्हणणारी ती माउली गेली आणि आठवड्यानंतर माझी सौ. घरी आली. हे मी मुद्दाम लिहितो आहे; कारण अशा लेखांत शेवटी प्रार्थना फळाला येते आणि रोगी बरा होतो, हे वाचकांना पाठ झालेले असते. सौ. घरी आली हे माझ्या श्रद्धेचे प्रशस्तिपत्र नव्हे आणि ती बाई गेली हा तिच्या भक्तीचा पराभव नव्हे. काही महिन्यांनी त्या तरुणाचा फोन आला. आईला शेवटी एकदा फोनच्या पडद्यावर दाखवले होते, तेव्हा तिचे ओठ हलत होते, असे तो म्हणाला. थोडे थांबून त्यानेच पुस्ती जोडली, "कदाचित पाणी मागत असेल, सर." मी काही बोललो नाही.

वधस्तंभावर असताना येशूने देवाला जी आर्त हाक मारली ती बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. ती समाधानाची ओळ नाही. देवाने टाकले, अशी तक्रार आहे. मृत्यूच्या वेदनेत त्यालाही नवे शब्द शोधावे लागले नाहीत. लहानपणी नासरेथच्या घरात किंवा सभास्थानात ज्या गीतांचे पाठांतर झाले असेल, त्यांतले एक ओठांवर आले. श्रद्धेच्या तयारीत तक्रारीचेही शब्द साठवावे लागतात, हे आमच्या उपदेशकांनी फारसे सांगितलेले मला आठवत नाही.

या पाठांतरावरून मला नेहमी पंडिता रमाबाईंची आठवण होते. त्यांच्या चरित्राकडे आपण बहुधा धर्मांतराच्या वादाच्या खिडकीतून पाहतो. तो वाद येथे नको. संकटाला तोंड कसे द्यावे, याचा एवढा मोठा धडा आपल्या भाषेतील दुसऱ्या कोणत्या आयुष्यात आहे, असे मला वाटत नाही. आणि महाराष्ट्राबाहेरच्या आपणा मराठी कुटुंबांना त्या अधिक जवळच्या वाटाव्यात असेही एक कारण आहे. १८५८ साली त्यांचा जन्म झाला तो आताच्या कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात. घरातली भाषा मराठी. परंतु पुण्यात त्या येऊन राहिल्या तेव्हा त्यांना चोविसावे वर्ष लागले होते. तोवरचे सगळे आयुष्य मुलुखाबाहेर गेले.

वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, म्हणून जातभाईंचा रोष ओढवून घेतला. पुढे ते कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडू लागले. रमाबाईंना आईने भागवत पाठ करविले. त्या हिंडत्या संसारात सामान असे फार नव्हतेच. डोक्यात जेवढे मावेल तेवढीच मालमत्ता. मग १८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. पुराण ऐकणाऱ्यांच्याच घरी दाणा उरला नाही, तेथे पुराणिकाला कोण देणार? भांडी विकली, कपडे विकले, शेवटी रानातला पाला खाऊन दिवस काढले. दृष्टी अधू झालेल्या अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचे ठरविले होते. मुलगा श्रीनिवास याने आपण मोलमजुरी करून सर्वांना पोसू, असे म्हणून त्यांना परतविले. काही काळाच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण तिघेही गेली. आईच्या तिरडीला चौथा खांदा मिळेना, तेव्हा रमाबाईंनी तो दिला; उंची कमी पडली म्हणून भार डोक्यावर घेतला.

उरलेली दोघे बहीणभावंडे हजारो मैल पायी चालली. भिजवलेले भरड धान्य आणि मीठ एवढ्यावर राहिली. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडी असह्य झाली तेव्हा त्यांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले आणि डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या, ही कथा शाळेच्या पुस्तकांत असते. वाळूतले खड्डे पुस्तकांत नसतात. मुलांना खरे म्हणजे तेच सांगावयास हवेत.

पुढचा काळ भराभर सांगतो. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या प्रारंभी कॉलऱ्याने पती गेले. १८८३ मध्ये इंग्लंडला प्रयाण आणि तेथेच बाप्तिस्मा. स्वतः रमाबाईंनी आपल्या साक्षीत मोठ्या सरळपणे लिहून ठेवले आहे की, त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र सुमारे आठ वर्षांनी भेटला. मला हे आठ वर्षांचे अंतर फार मोलाचे वाटते. आज बाप्तिस्मा झाला आणि उद्या पर्वत हलू लागले, असे श्रद्धेचे काम नसते.

आता केडगावकडे वळू. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले, ते पुढच्या वर्षी पुण्यास नेले. अमेरिकेतील बोस्टन येथील त्यांच्या मित्रमंडळाने दहा वर्षांपुरते साहाय्य करण्याचे वचन दिले होते. ती मुदत १८९८ च्या सुमारास संपावयाची होती. मुदत संपल्यावर सदनाने कोणाकडे हात पसरावा लागू नये म्हणून रमाबाईंनी आधीच विचार केला आणि पुण्यापासून पन्नास-साठ किलोमीटरवर, रेल्वेमार्गालगत केडगावला माळरान घेतले. विहिरी खणल्या, फळझाडे लावली. झाडे मोठी होतील, फळे विकली जातील, सदन आपल्या पायांवर उभे राहील, असा तो हिशेब होता. व्यवहाराच्या दृष्टीने पक्का हिशेब.

पण संकट आले ते वेगळ्याच दिशेने. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. ग्वाल्हेर-इंदूरकडच्या वाचकांच्या जुन्या पिढ्यांत त्याच्या आठवणी निघत असतील. रमाबाई तिकडे गेल्या. अन्नछत्रांतून आणि रस्त्यांवरून हाडांचे सापळे झालेल्या मुली व बालविधवा त्यांनी पाहिल्या, आणि ज्या भुकेतून वीस वर्षांपूर्वी त्या स्वतः बाहेर पडल्या होत्या तीच भूक समोर उभी राहिली. भूक ओळखावयास त्यांना कोणत्याही अहवालाची आवश्यकता नव्हती. त्यांनी शेकडो मुली आणल्या. तीनशेच्या घरात त्यांच्याजवळ राहिल्या. पण ठेवावयाच्या कोठे? पुण्यात त्याच वेळी प्लेगाचा कहर होता आणि शहरात एवढी माणसे एकत्र ठेवू देण्यास अधिकारी तयार नव्हते. मग केडगावचा तो माळ होता, विहिरी होत्या, कोवळी झाडे होती. तंबू आणि गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या. 'मुक्ती'चा जन्म असा झाला. संत्र्यांच्या उत्पन्नासाठी घेतलेली जमीन भुकेल्या मुलींचे माहेर बनली.

या ठिकाणी मी नेहमी थबकतो. रमाबाईंनी तयारी केली होती ती पैशाच्या टंचाईची. उपयोगी पडली ती दुष्काळाला. ज्यासाठी तयारी करावी ते संकट बहुधा येतच नाही, दुसरेच येते. मग तयारी व्यर्थ काय? पवित्र शास्त्रात धान्याच्या कोठारांच्या दोन कथा आहेत. उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफ मिसर देशात सुकाळाच्या सात वर्षांत कोठारे भरून ठेवतो आणि दुष्काळात ती उघडतो. लूकच्या शुभवर्तमानात एक धनवान शेतकरी जुनी कोठारे पाडून मोठी बांधू लागतो, आता पुष्कळ वर्षांची बेगमी झाली म्हणून स्वतःच्या जिवाला विसावा घेण्यास सांगतो, आणि त्याच रात्री मरतो. विटा त्याच, धान्य तेच. एकाची दारे बाहेर उघडत होती, दुसऱ्याला दारे लावण्याचेच सुचले. केडगावची विहीर आधी कशासाठी खणली होती, हे विसरून रमाबाईंनी ती दुसऱ्यांसाठी मोकळी केली. पाणी साठवणे पुष्कळांना साधते; पाण्याचा हेतू ऐनवेळी बदलू देणे फार थोड्यांना.

मन्नाची गोष्टही येथे आठवते. रानात इस्राएल लोकांना रोज पहाटे अन्न मिळे. उद्यासाठी म्हणून ज्यांनी जादा उचलले त्यांच्या मडक्यांत किडे पडले. मात्र विसाव्याच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची त्यांना आज्ञाच होती आणि ते नासत नसे. साठवू नका आणि साठवा, दोन्ही आज्ञा एकाच अध्यायात. कोणत्या दिवशी कोणती पाळावयाची, हे ओळखणे हाच विवेक. घरखर्च चालविणाऱ्या भगिनींना हे मी काय सांगावे!

श्रद्धा म्हणजे मुकाट्याने सोसणे, असा एक समज आहे. रमाबाईंच्या बाबतीत तो टिकत नाही. १८९७ साली प्लेगाच्या रुग्णालयात व विलगीकरण छावणीत स्त्रियांची जी आबाळ व विटंबना होत होती तिच्याविरुद्ध त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' पत्रात जाहीर पत्र लिहिले. त्यांच्या आश्रयाची एक मुलगी तेथून नाहीशी झाली होती. राज्यकर्ते ख्रिस्ती, रमाबाई ख्रिस्ती, मदत येणार ती बव्हंशी ख्रिस्ती देशांतून; तरीही त्यांनी लेखणी आवरली नाही. सरकारने त्यांचे म्हणणे नाकारले, प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेले. गुडघे टेकून प्रार्थना करणारी बाई उठून उभी राहिली की कशी बोलते, ते त्या पत्रावरून कळते.

दोन-तीन वर्षांतच १८९९-१९०० चा दुष्काळ आला. बडोद्याच्या आमच्या वाचकांना तो 'छप्पनिया' म्हणून ठाऊक असेल. विक्रम संवत १९५६ चा तो काळ. या वेळी गुजरात आणि राजस्थानाकडून मुली आल्या आणि मुक्तीतील माणसांची संख्या दोन हजारांच्या जवळपास पोहोचली. दोन हजार तोंडे, रोज दोन वेळा. माझ्या शाळेत दोनशे मुलांच्या दुपारच्या जेवणात तांदूळ चार किलो कमी पडला तर माझी झोप उडते. एवढ्यांचे कसे झाले असेल, याचा विचार करताना मला त्यांची प्रार्थना जितकी दिसते तितक्याच त्यांच्या हिशेबाच्या वह्याही दिसतात. विणकाम, शेती, तेलाचा घाणा, छापखाना, सगळे उद्योग तेथे उभे राहिले, आणि पाला खाऊन जगलेल्या मुली ते चालवू लागल्या.

याच काळात रमाबाईंनी आणखी एक काम हाती घेतले. उपलब्ध मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर. खेड्यातल्या मुलींना ती कळेना. म्हणून मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या नवे भाषांतर साध्या मराठीत करू लागल्या. हजारो संस्कृत श्लोक ज्यांना मुखोद्गत, त्या बाईंनी जाणूनबुजून पांडित्याची भाषा उतरवून ठेवली. खिळे जुळविणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणी करणाऱ्या मुक्तीतल्याच स्त्रिया. हे काम वर्षानुवर्षे चालले.

तयारीविषयीचा शेवटचा प्रसंग सांगावयाचा आहे, आणि तो मला सर्वांत कठीण वाटतो. रमाबाईंनी आपल्या मागे काम कोणी चालवावे याचीही तयारी केली होती. मनोरमा परदेशात शिकून आल्या, आईचा उजवा हात झाल्या. निजामाच्या राज्यातील गुलबर्ग्याला, आजच्या कलबुर्गीला, मुक्तीतर्फे शाळा निघाली तिचा भारही त्यांनी वाहिला. सगळे योजल्याप्रमाणे होत होते. आणि १९२१ च्या जुलैमध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मनोरमा गेल्या. आई, वडील, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती एक लेक. त्रेसष्ट वर्षांच्या, ऐकू कमी येणाऱ्या रमाबाईंच्या तयारीतली ही सर्वांत मोठी तयारी कोसळली.

त्यांनी काय केले? त्या पुन्हा मुद्रिते तपासावयास बसल्या. भाषांतर अद्याप पुरे व्हावयाचे होते. पुढे नऊ महिन्यांच्या आतच, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्यांचेही देहावसान झाले. आणि शेवटचे मुद्रित हातावेगळे करूनच त्या गेल्या, असे सांगतात. १९२४ मध्ये ते संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले. लेकीच्या मृत्यूनंतर त्यांच्या मनात काय होते, त्याला धैर्य म्हणावे की सवय, मला सांगता येत नाही. सकाळी उठावे, कालच्या पानापुढचे पान घ्यावे, चुकलेला काना जागेवर लावावा. कदाचित दोन्हींत फरक उरत नसेल.

इंदूरच्या भगिनींना मी आता दुसरे पत्र लिहिले आहे. यजमानांना बोलता येत नसले तरी त्यांना पूर्वी जे पाठ होते ते त्यांच्या उशाशी बसून रोज ठरल्या वेळी म्हणावे, एवढेच त्यात सुचविले. रामरक्षा असेल तर रामरक्षा. त्या दारावर देव माझ्या धर्माचे नाव विचारीत बसेल, असे मला वाटत नाही. आमच्यातील काहींना हे वाक्य रुचणार नाही याची जाणीव आहे. छपराचे काम पावसाच्या आत उरकावे, हेही लिहिले. मुलाच्या नोकरीविषयी मात्र मला काही उपाय सुचला नाही, आणि सुचल्याचे सोंगही केले नाही.

आमच्या घरी संध्याकाळची प्रार्थना चालू आहे. सौ.चा श्वास जिना चढताना अजून भरून येतो, म्हणून गाणे आता एक कडवे कमी म्हणतो. परवा तेविसावे स्तोत्र म्हणता म्हणता माझे मन पुन्हा शाळेच्या तांदळाच्या पोत्यांकडे गेले आणि ओठ मध्येच थांबले. सौ.ने डोळे न उघडताच कोपराने ढोसले. मी ओळ पुन्हा धरली.